कापलेल्या ओळी

आमच्या सरांना मासे घेताना ज्याने पाहिलं नाही, त्याला गुणात्मक संशोधन म्हणजे काय ते नुसतं सांगून कळायचं नाही. रत्नागिरीच्या मासळी बाजारात एक ठरलेली मावशी होती. सर तिच्या टोपलीसमोर छत्री टेकून उभे राहायचे.

"बांगडा ताजा आहे?"

"ताजा."

"कशावरून?"

"कल्ले बघा की, लालबुंद."

"कल्ले लाल म्हणजे मासा ताजा, हे कशावरून?"

"घरी न्या नि खा. उद्या बाजारात दिसलात तर ताजा होता, नाय दिसलात तर शिळा."

सर एकदम खूश. पिशवी पुढे करत माझ्याकडे वळायचे. "ऐकलंत, संशोधक? बाईंनी निकष दिला, पडताळायची पद्धत दिली, जोखीमही सांगून टाकली. तुमच्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात यातलं एक तरी आहे का?"

सगळ्या विद्यार्थ्यांना ते अहोजाहो करायचे आणि 'संशोधक' म्हणायचे. मागे आम्ही त्यांना 'कशावरून सर' म्हणायचो. शिपाईकाका दारात येऊन म्हणाले, "सर, तास संपला," तरी प्रश्न ठरलेला. काका वैतागून म्हणायचे, "मी स्वतः घंटा वाजवली म्हणून." त्यावर सर आम्हाला म्हणायचे, "लिहून घ्या. सांगणारा आणि घडवणारा एकच माणूस आहे. अशा वेळी पुरावा जपून वापरायचा."

त्यांच्याकडे एक सायकल होती. रत्नागिरीत चढ-उतारांना तोटा नाही. चढावर दम लागतो म्हणून ते सायकल ढकलत न्यायचे आणि उतारावर ब्रेकचा भरवसा नाही म्हणून ढकलत न्यायचे. सपाट रस्ता लागला की म्हणायचे, "आता एवढ्याशासाठी काय बसायचं?" सायकल कशाला बाळगता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "एकटं चाललं की लोक थांबवून बोलतात. सायकल बरोबर असली की त्यांना वाटतं, घाईत आहे." हे खरं की मला बनवलं, ते मला अजून कळलेलं नाही. सरांच्या बऱ्याच गोष्टींचं असंच आहे. निवृत्त होऊन ते लेकीकडे बंगळुरूला गेले, त्यालाही आता काही वर्षं झाली. मीही आता शिकवते, चार पुस्तकं जास्त वाचली आहेत; तरी हा माणूस नेमका काय होता, याचं कुतूहल संपत नाही.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी सगळीकडे सांगते, इथेही सांगते. वडील मुंबईत एका इमारतीचे वॉचमन, आई मिरजोळ्याच्या एमआयडीसीत काजूच्या कारखान्यात. एम.ए.ला समाजशास्त्र घेतलं तेव्हा वाडीतल्या एका काकांनी वडिलांना फोन करून विचारलं होतं, "समाज तर रोज बघतो आपण, त्याचं शास्त्र कशाला?" प्रश्न वाईट नव्हता. सरांना सांगितला तेव्हा त्यांनी तो वहीत उतरवून घेतला.

प्रबंधासाठी मार्गदर्शक निवडायची वेळ आली तेव्हा सरांकडे कुणी जायला तयार नव्हतं. त्यांचे विद्यार्थी वेळेत प्रबंध देत नाहीत, अशी ख्याती होती. माझं नाव यादीत शेवटचं, म्हणून उरलेले सर मला मिळाले.

त्यांचं घर मांडवीच्या बाजूला, दोन खोल्या आणि पुढे पडवी. पडवीत कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, पण त्यांवर कपडे नसायचे. कागदाच्या पट्ट्या चिमट्यांनी अडकवलेल्या असायच्या. मुलाखती कागदावर उतरवायच्या, त्यातली बोलणी कात्रीने कापायची, आणि कुठलं बोलणं कुठल्या बोलण्याजवळ बसतं हे बघत दोरीवर लावायची, ही त्यांची रीत. सगळं जग हे काम कॉम्प्युटरवर करतं. सर म्हणायचे, "कॉम्प्युटरवर शोधलं तर शब्द सापडतो. मला बोलणं पाहिजे." पट्ट्या एकमेकींना चिकटवायच्या झाल्या तर भाताची शितं. डिंकाची बाटली समोर असली तरी शितं.

खाडीवरचा वारा आला की अर्ध्या पट्ट्या अंगणात जायच्या. मी धावत गोळा करायचे. सर पायरीवर बसून म्हणायचे, "सावकाश. आता परत लावताना वेगळ्या ठिकाणी लागल्या तर का लागल्या, ते सांगा."

तत्त्वज्ञानाचा भाग ते जमिनीवर उताणे पडून शिकवायचे. पाठीचं दुखणं, असं म्हणायचे. डोळे मिटलेले, पोटावर हात. "संशोधक, माणसाच्या मनातलं खरं कुठे असतं? फणसात गरे असतात तसं आत तयार असतं नि आपण फक्त फोडायचं? की तुम्ही विचारलंत आणि त्याने सांगितलं, त्या विचारण्या-सांगण्यात ते होतं?" पहिल्यांदा मी म्हटलं, "आत असतं." तर म्हणाले, "मग तुम्ही विचारलं काय आणि तलाठ्याने विचारलं काय, उत्तर एकच यायला हवं." त्या प्रश्नापाशी मी आठवडाभर अडकले.

एक शब्द त्यांना खपायचा नाही. मुलाखतींतून जे समान धागे निघतात त्यांना सूत्रं म्हणतात, आणि प्रबंधात सगळे लिहितात, 'पुढील सूत्रे आढळून आली.' त्यावर ते डोळे उघडायचे. "आढळली? कुठे पडली होती? आरे-वारेच्या वाळूत शिंपले आढळतात. सूत्रं तुम्ही बांधलीत. हात तुमचे आहेत. हात लपवू नका."

माझा विषय होता काजू कारखान्यातल्या बायकांचं कामाबद्दलचं म्हणणं. काजूगर निवडणाऱ्या चौदा बायकांच्या मुलाखती मी फोनवर रेकॉर्ड केल्या. अख्खा गर वेगळा, दोन फाकांची पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, हे त्यांचं काम. मुलाखती घेतल्या, उतरवल्या, आणि सूत्र काढलं: कामातून मिळणारे समाधान. बायका तेच तर बोलत होत्या. काम बरं आहे, शेठ बरा आहे, सावलीत बसायला मिळतं, काही तक्रार नाही. चौदापैकी चौदा.

तिसऱ्या प्रकरणात, म्हणजे संशोधन कसं केलं ते सांगतात तिथे, मी एक वाक्य घातलं होतं: 'संशोधकाचा या क्षेत्राशी पूर्वपरिचय नव्हता.' आमच्या आधीच्या सगळ्या प्रबंधांत असंच काहीतरी होतं. संशोधक लांबचा असला की संशोधन शुद्ध, अशी माझी समजूत. आता इथे एक सांगते, कारण लोक लगेच वेगळा अर्थ लावतात. आई काजू निवडते याची मला लाज कधीच नव्हती. तिच्या निवडण्यावर मी शिकले, हे मी बसस्टॉपवरसुद्धा सांगितलं असतं. पण मला वाटलं, ही घरची गोष्ट आहे, शास्त्रात घरच्या गोष्टी आणत नाहीत. म्हणून मुलाखतींमध्ये जिथे जिथे घरचं बोलणं आलं, तिथे तिथे मी ते कापलं. विषयाशी संबंध नाही, असं ठरवून.

प्रबंध द्यायला नऊ दिवस उरले होते. जूनमध्ये लांज्याच्या बाजूला एका कॉलेजात तासिकेवर शिकवायला जागा निघणार होती. तिथल्या प्राचार्यांनी मला सांगितलं होतं, "निकालाचा कागद हातात असेल तर या." आणखी दोघंजण रांगेत होते. म्हणजे नऊ दिवसांत प्रबंध गेला तर नोकरी, नाही तर पुढचं सत्र.

अशात सर म्हणाले, "मला रेकॉर्डिंग ऐकायची आहेत."

"सगळं उतरवलंय, सर."

"कशावरून?"

फोन देणं भाग होतं. तीन दिवस त्यांनी तो ठेवून घेतला; घरी मी काही सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघरात मासे साफ करता करता ऐकायचे. चौथ्या दिवशी मी गेले तेव्हा ते नेहमीसारखे पडलेले नव्हते, स्टुलावर बसले होते.

"संशोधक, या बायका तुम्हाला कुठल्या नावाने हाक मारतात?"

"मॅडम," मी म्हटलं. कागदावर मी तसंच लिहिलं होतं.

"एकही बाई मॅडम म्हणत नाही. 'बाय' म्हणतात. 'पोरी' म्हणतात. पाचवीतल्या बाई 'खाल्लंस का गो' असं तीनदा विचारतात. नवव्या बाई म्हणतात, 'तू येवढीशी होतीस, गोणपाटावर झोपायचीस.' तुमच्या कागदावर यातलं काही नाही."

"ते विषयाला धरून नव्हतं."

"आणि सात मुलाखतींत मागून एक आवाज येतो. 'गो, डबा उघड, जेवायची सुट्टी संपेल.' हा आवाज कुणाचा, ते मला कळत नव्हतं. काल तुमचा फोन वाजला. नावाच्या जागी 'आई' होतं. मी उचलला. म्हटलं, संशोधक इथे नाहीत, त्यांचा आवाज मात्र इथे आहे. त्या म्हणाल्या, 'कोण मेल्या तू? माझ्या पोरीचा फोन तुझ्याकडे कसा?'" सरांनी फोन माझ्यापुढे ठेवला. "तोच आवाज."

 मग त्यांनी तिसरं प्रकरण उघडून ते वाक्य बोटाने दाखवलं. पूर्वपरिचय नव्हता.

मला भयंकर राग आला. पकडले गेले म्हणून आला, हे आज कळतं. तेव्हा वाटलं, हा माणूस माझ्या वाटेत मुद्दाम आडवा पडलाय. मी म्हटलं, "सर, तुमची नोकरी झाली. माझी व्हायचीय. नऊ दिवसांतले चार गेले. सगळ्यांचे प्रबंध असेच असतात, सगळे पास होतात. माझी आई तिथे काम करते हे लिहिलं, तर परीक्षक म्हणतील, ही आपल्याच माणसांना विचारून आली. मग मी काय करू?"

मला वाटलं, आता येणार 'कशावरून'. आला नाही. ते उठून कपाटाशी गेले आणि निळ्या बांधणीचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. त्यांचा स्वतःचा पीएच.डी.चा प्रबंध. त्याची एक प्रत आमच्या ग्रंथालयात काचेच्या कपाटात असायची, आम्ही नुसती बघितलेली.

"कोकणातल्या एका गावातले शेतीसंबंध," ते म्हणाले. "निष्कर्ष, खोत आणि कुळं यांच्यात सलोखा होता. वाखाणला गेला. गाव कुठलं, ते दिलेलं नाही. मालगुंडच्या पुढे आहे, आमचंच. खोत माझे आजोबा."

मी उभीच होते.

"मी मुलाखतीला गेलो की लोक माझ्यासाठी ओटीवर घोंगडी घालायचे आणि स्वतः खाली अंगणात उभे राहायचे. पन्नास घरांत. मी लिहिलं, आदरातिथ्य." त्यांनी पुस्तक मिटलं. "पुढे बऱ्याच वर्षांनी त्यातल्या एका घरचा नातू माझ्या वर्गात आला. त्याने हे ग्रंथालयात वाचलं. तास संपल्यावर माझ्यापाशी आला, अगदी सभ्यपणे, आणि विचारलं, सर, सलोखा होता हे कशावरून?"

पडवीत पट्ट्यांची फडफड चालली होती. मला काय वाटलं असेल? त्यांची दया यायला हवी होती. पण मला आणखीच राग आला. माझ्या आजोबांनी जन्मभर दुसऱ्याच्या जमिनीत भात लावला. अंगणात उभी राहणारी माणसं आमची.

"सर," मी म्हटलं, "तुमचं आणि माझं एकात घालू नका. तुमच्याशी ते भीतीने गोड बोलले. माझ्याशी मायेने बोलल्या."

सरांनी मान वर केली. डोळे असे चमकले की मला बोललं ते मागे घ्यावंसं वाटलं.

"कशावरून?" त्यांनी विचारलं. पण तो नेहमीचा आवाज नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. "भीतीचं गोड बोलणं आणि मायेचं गोड बोलणं कागदावर सारखंच दिसतं. फरक कसा ओळखलात? हे मला कुणी सांगितलेलं नाही."

मी फोन उचलून निघाले.

दारात ते म्हणाले, "आहे तसा आणलात तरी मी सही करीन. सही तुमच्या हक्काची आहे, तिच्या आड माझं काही येणार नाही. कसा आणायचा, ते तुम्ही ठरवा."

त्यांनी अडवलं असतं तर बरं झालं असतं. भांडून सही घेतली असती आणि मोकळी झाले असते. सही मिळणार म्हटल्यावर सगळं माझ्या गळ्यात आलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्यात गेले. आई त्या दिवशी पॅकिंगच्या बाजूला होती. निवडणाऱ्या बायकांत सगळ्यात वयस्क, त्यांना सगळ्या थोरली काकी म्हणतात, त्यांच्यापाशी जाऊन बसले. फोन खाली ठेवला, सुरू केला, आणि विचारलं, "काकी, मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, काही तक्रार नाही. सगळ्याच म्हणाल्या. असं कसं?"

काकींनी इकडेतिकडे बघितलं. "तुझ्या आवशीनं सांगितलं होतं गो."

"काय सांगितलं होतं?"

"पोरीची परीक्षा हाय. ती विचारंल, तिला चांगलं चांगलं सांगा. कोण वायट बोललं तर पोरीचे मार्क कापतील." त्या मला समजावायला लागल्या. "परीक्षेत उत्तर चुकलं की मार्क जातात ना? मग आमचं उत्तर चुकलं तर तुझेच जाणार. आदल्या दिवशी डबे खाताना तुझ्या आवशीनं आमच्याकडून पाठ करून घेतलं. शेठ बरा हाय, सावलीत बसतो, तक्रार नाय."

शेजारच्या दोघी हसायला लागल्या. एक म्हणाली, "मी तर रातचं नवऱ्याला म्हणून दाखवलं. तो बोल्ला, तुला काय बक्षीस बिक्षीस हाय काय?"

मीही हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मी चौदा मुलाखती घेतल्या होत्या की माझ्या आईने माझी तोंडी परीक्षा चौदा जणींकडून देववून घेतली होती?

"मग आता खरं सांगाल?"

काकी विचारात पडल्या. "खरं सांगितलं तर पास होशील?"

"होईन."

"नक्की? नायतर उद्या तुझी आवस माझ्या अंगावर येईल."

मग त्या बोलल्या. मांडी घालून आठ-आठ तास बसून कंबर धरते. लघवीला उठायचं म्हटलं तरी जिवावर येतं, हातातला माल मागे पडतो. डोळ्यांपुढे संध्याकाळी पिवळं दिसतं. आणि त्याच दमात हेही बोलल्या की घरी बसले तर सुनेचं तोंड बघावं लागतं, इथे आठ तास हसायला मिळतं. एकजण ठामपणे म्हणाली, "मी मागे बोलले ते काय पाठ केलेलं नव्हतं. मला खरंच बरं वाटतं इथं. तुझ्या मास्तरला सांग." म्हणजे पहिलं सगळं खोटं आणि दुसरं सगळं खरं, असंही नव्हतं. असतं तर काम सोपं झालं असतं.

संध्याकाळी घरी आई अंगणात आमच्याच झाडांचे काजूगर सुपात घेऊन निवडत बसली होती. मी तिला विचारलं. ती मान वर न करता म्हणाली, "सांगितलं मी. तुझ्यासाठीच सांगितलं ना?" मग जरा वेळाने, "चुकलं काय माझं?"

मी म्हटलं, "हो. चुकलं." मला स्पष्ट बोलायची सवय आहे आणि त्या सवयीचा मला अभिमान असायचा. त्या संध्याकाळी तो नव्हता.  आईचे हात जास्त भराभर चालायला लागले, इतकंच.

मी त्या सत्रात प्रबंध दिला नाही. जूनमध्ये लांज्याची जागा दुसऱ्याला मिळाली. वडील फोनवर म्हणाले, "काय ते बघ तू, तुला जास्त कळतं." आईने तर माझ्या परीक्षेचा विषयच काढणं सोडलं.

त्याच दिवसांत एकदा सर आमच्या घरी आले. मांडवीपासून मिरजोळ्यापर्यंत सायकल ढकलत आले होते, म्हणजे तुम्हीच विचार करा. आईने त्यांना ओटीवर चटई घातली. सर चटईकडे बघतच राहिले, आणि मग अंगणात तिच्या सुपासमोर जमिनीवर बसले. आई कानकोंडी झाली. "वर बसा हो, सर." सर ऐकेनात. त्यांनी एक गर उचलला.

"हा अख्खा?"

"अख्खा."

"पण टवका गेलाय."

"वायचसा. चालतो."

"किती गेला की चालत नाही?"

आईने त्यांच्याकडे बघितलं. एवढा शिकलेला माणूस आणि हे विचारतो? "ते काय ठरलेलं नसतं. हाताला कळतं."

"हाताला कशावरून कळतं?"

"दिवाळीच्या तोंडावर माल कमी पडला की जास्ती टवक्याचा पण अख्ख्यात घालायला सांगतात. पावसाळ्यात तोच पाकळीत जातो." तिने तो गर त्यांच्या हातातून घेऊन अख्ख्यांत टाकला. "गर तोच. कोणाला पाहिजे, कशाला पाहिजे, त्याच्यावर ठरतं."

सर सुपासमोर बसून मोठ्याने हसायला लागले. त्यांना असं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मला म्हणाले, "संशोधक, दोन वर्षं मी तुम्हाला उताणा पडून जे शिकवतोय, ते यांनी बसल्या बसल्या सांगितलं." आईला यातलं काही कळलं नाही. सर गेल्यावर तिने विचारलं, "पोटाबिटात दुखत होतं काय त्यांच्या?"

पुढचे चार महिने मी पडवीत काढले. सगळी बोलणी नव्याने कापली. या वेळी फेकलेल्या ओळींसकट. 'खाल्लंस का' ची पट्टी, 'गोणपाटावर झोपायचीस' ची पट्टी, 'मार्क कापतील' ची पट्टी. सूत्राचं नाव एका शब्दात दिलं की सर म्हणायचे, "हे डब्यावरचं लेबल झालं. यात काय म्हणायचंय, ते पूर्ण वाक्यात सांगा." 'समाधान' गेलं. त्या जागी मोठ्या मारामारीनंतर हे आलं: 'आपल्या कामाबद्दल काय सांगायचं हे बायका समोर कोण बसलंय ते बघून ठरवतात, आणि माझ्यासमोर त्यांनी माझं भलं ठरवलं.' तिसऱ्या प्रकरणातलं ते वाक्य काढलं. तिथे लिहिलं, माझी आई याच कारखान्यात काजू निवडते. तिने बायकांना काय सांगितलं, हेही लिहिलं. आधी मी जे जे कापलं होतं, ते सगळं शेवटी परिशिष्टात जोडलं. अकरा पानं झाली. भीती आणि माया यांतला फरक कशावरून, याचं माझं उत्तर त्यातच होतं: घाबरलेला माणूस समोरच्याला 'खाल्लंस का' विचारत नाही. सरांनी ते वाचलं. "हे माझ्या पन्नास घरांत कुणी विचारलं नव्हतं," एवढंच म्हणाले आणि पान उलटलं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी आईने अर्धा दिवस सुट्टी टाकली. न सांगता कॉलेजात आली. कॉलेजात ती पहिल्यांदाच येत होती. बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. मार्गदर्शकाने आत बोलायचं नसतं, म्हणून सरही बाहेर तिच्या शेजारी जाऊन बसले.

आत बाहेरगावच्या परीक्षकांनी चष्मा वर करून विचारलं, "आईच्या सहकाऱ्यांच्या मुलाखती, त्याही आईने पढवलेल्या. या संशोधनावर विश्वास कसा ठेवायचा?"

 मी म्हटलं, "सर, या जिल्ह्यातल्या कुठल्या मुलाखतीत कोण कुणाला पढवून बसलंय, ते आपल्याला माहीत नसतं. माझ्यात माहीत आहे. ते मी लिहिलंय."

त्यांनी परिशिष्ट चाळलं. एका ठिकाणी थांबून ओठांतल्या ओठांत हसले, पण पुढच्या पानावर पुन्हा गंभीर झाले. "प्रामाणिक आहे," ते म्हणाले, "पण यात संशोधक फार दिसतो." पास केलं. मार्क बेताचे दिले. ज्या मैत्रिणीच्या प्रबंधात सगळी सूत्रं आढळून आली होती, तिला माझ्याहून अकरा जास्त.

मी बाहेर आले. आई आणि सर दोघंही उठून उभे राहिले. मी म्हटलं, "झाले पास." मार्कही सांगितले.

आईने माझ्याकडे नाही, सरांकडे बघितलं. इतके महिने आत धरून ठेवलेलं तिला आता त्यांनाच विचारायचं होतं. "सर, खरं सांगा. मी बायकांना तसलं काय बोलले नसते, तर हिचं वर्ष वाया गेलं नसतं ना? नोकरी पण गेली ती. माझ्यामुळंच ना?"

मी मध्ये बोलणार होते. सरांनी हाताने थांबवलं. आणि मग ज्या माणसाकडून मी दोन वर्षांत प्रश्नाशिवाय काही ऐकलं नव्हतं, तो सरळ, हळू आवाजात बोलला.

"नाही, ताई. तुम्ही बोललात म्हणून हिला काहीतरी खरं सापडलं. तुम्ही बोलला नसतात तर हिचा प्रबंध बाकीच्यांसारखा झाला असता. माझ्यासारखा झाला असता. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून गेलेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे. त्यात निम्मा हात तुमचा आहे."

आईने पदराने तोंड पुसलं.  सगळं पटलं असावं, कारण तिचे खांदे खाली आले, आणि इतक्या महिन्यांनी माझी आई मला पूर्वीसारखी दिसली. मग तिच्या कपाळावर एक आठी उमटली. काहीतरी जुळत नव्हतं.

"सगळ्यात चांगलं?" तिने विचारलं. "मग मार्क असे का दिले?"

सर उत्तर द्यायला तोंड उघडून उभे राहिले. आई वाट बघत राहिली.